गुण कुणाचा?

आपल्या भाषेत माणूस औषधाने बरा झाला असे क्वचितच म्हणतात. औषधाला 'गुण येतो'. पाहुणा यावा तसा तो येतो. कधी पहिल्या पुडीबरोबर हजर होतो, तर कधी पाच वैद्यांचे उंबरे झिजवूनही फिरकत नाही. तो कुठून आला, हे विचारण्याची रीत नाही. आला एवढे पुरे. वैद्य चांगला असेल तर त्याच्या हाताला गुण असतो, औषध चांगले असेल तर ते गुणकारी ठरते, आणि काहीच लागू पडले नाही तर 'गुण यायचा योग नव्हता' म्हणून आपण मोकळे होतो. एकच शब्द, पण आपण तो किती ठिकाणी पेरून ठेवला आहे! मी तर शाळेतली बाई. बत्तीस वर्षे मी गुण दिले, तेही मोजून. उत्तरात काय बरोबर आहे हे दाखवल्यावाचून अर्धा गुणही कुणाला दिला नाही. त्यामुळे गुण कशाबद्दल आणि कुणाला, हे विचारण्याची मला खोडच जडली आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या दुखऱ्या टाचेला चिनी सुयांनी गुण आला असे सगळे म्हणू लागले, तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. हा गुण मी कुणाच्या नावावर मांडू?

टाच हा शरीराचा मोठा गरीब भाग. डोळ्यांवर कविता झाल्या, केसांवर झाल्या, पावलांवरही झाल्या. टाचेच्या वाट्याला मात्र टाचा घासण्यापलीकडे काही आले नाही. आणि तरी आपला सगळा भार आधी तीच घेते. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाखालून एक जाड, चिवट पट्टा गेलेला असतो. धनुष्याला जशी प्रत्यंचा, तसा पावलाच्या कमानीला हा पट्टा. वर्षानुवर्षे उभे राहून, वजन वाढून, किंवा पोटरीचे स्नायू आखडून या प्रत्यंचेवर ताण पडत राहिला की ती टाचेच्या हाडाला जिथे चिकटते तिथे दुखू लागते. रात्री पाय सैल पडलेला असतो, पट्टाही आखडून बसलेला असतो. सकाळी पहिले पाऊल जमिनीला लागले की तो एकदम ताणला जातो आणि टाचेत काटा मोडल्यासारखी कळ मस्तकात जाते. चार पावले चालले की कळ ओसरते. क्ष-किरणांच्या चित्रात पुष्कळदा हाडाला फुटलेला काटा दिसतो आणि रोगी धसका घेतो. पण असा काटा असूनही ज्यांना कधीच काही दुखले नाही, अशी माणसे पुष्कळ आहेत. काटा हा नेहमीच गुन्हेगार नसतो. तो बऱ्याचदा जागेवर सापडलेला बघ्या असतो.

या दुखण्याची खरी खोड निराळीच आहे. ते दिसत नाही. सूज नाही, ताप नाही, पट्टी नाही. सकाळी सहाला लंगडणारी बाई दहाला शाळेत नीट चालताना दिसते. घरच्यांना वाटते, कुरकुर करायची सवयच आहे. ज्याचे दुखते त्यालाही हळूहळू तसेच वाटू लागते. दुखण्याला साक्षीदार नसला की माणूस आपल्याच दुखण्याविषयी साशंक होतो, आणि ही साशंकता मूळ दुखण्याहून कमी जाचक नसते.

मी राहते ते शेंद्रा. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागले की ते येते. बाजरी, ज्वारी आणि कपाशी पाहत मोठी झालेली माझी पिढी. माझ्या विद्यार्थ्यांच्या पिढीने मात्र पिकांच्या जागी पत्र्याच्या लांबच लांब शेडी पाहिल्या. औद्योगिक वसाहत आली, २००१ साली मोटारींचा कारखाना सुरू झाला, मग त्याला सुटे भाग पुरवणारे लहानमोठे उद्योग आले, आणि आता 'ऑरिक' नावाची नवी उद्योगनगरी उभी राहिली आहे. गावाला काम मिळाले, हे मी विसरत नाही. ज्या घरांतून पोरे ऊसतोडीला जात, त्या घरांत आज मोटारसायकली आहेत. पण एक गोष्ट माझ्या टाचेनेच मला दाखवली. शेतातही माणूस दिवसभर उभा असतो, वाकतो, चालतो. मात्र माती पायाखाली थोडी दबते. सिमेंट दबत नाही. तिथे दबते ती टाच.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका लहान कारखान्यात यंत्रावर उभा असतो. आठ तास, आणि काम असले की बारा. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा आम्ही दोघेही एकाच पद्धतीने पाय टाकीत होतो. तो हसला.

"बाई, तुमची बी टाच का?"

"दीड वर्ष झाले रे."

"माझं आठ महिने. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की खिळा ठोकल्यावानी होतंय बघा. ताप आला असता तर सुट्टी मागितली असती. टाचेची काय सुट्टी मागावी?"

हे शेवटचे वाक्य मला फार लागले. मागण्याजोगे दुखणे आणि न मागण्याजोगे दुखणे अशी दुखण्यांतही जात असते. त्यानेच मला सांगितले की शहरात चिनी पद्धतीने सुया टोचणारे एक डॉक्टर आहेत आणि तो चार वेळा जाऊन आला आहे. "गुण आहे बाई त्यांच्या हाताला." गोळ्या घेऊन झाल्या होत्या, टाचेत इंजेक्शन घ्यायचे धाडस होत नव्हते. मी गेले.

त्या दवाखान्यात जे ऐकले ते मी होता होईल तो जसेच्या तसे सांगते. चिनी वैद्यकाच्या मते शरीरात एक चैतन्य ठरावीक वाटांनी वाहत असते. त्यांतली मूत्रपिंडाची वाट तळपायातून निघून आतल्या घोट्यामागून टाचेत उतरते आणि मग वर जाते. मूत्रपिंड हाडांचे पोषण करते. उतारवयात त्याचे बळ ओसरते आणि टाच कुरकुरू लागते. म्हणून एक सुई घोट्याच्या आतल्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला, एक पोटरीत. आणखी एक सुई त्यांनी माझ्या मनगटाच्या आतल्या घडीवर टोचली, तेव्हा मी विचारलेच, "दुखते पायात आणि सुई हातात?" डॉक्टर म्हणाले, "झाडाला पाणी मुळाशी घालतो, फळ फांदीला येते." उपमा छान होती, उत्तर मात्र झाले नव्हते. सुई टोचल्यावर दुखले असे म्हणवत नाही; एक जडपणा आला, मुंगी चालावी तसे काही तरी पोटरीतून उतरत गेले. मग त्यांनी एका वाळलेल्या पाल्याची वात पेटवून टाचेजवळ धरली. त्या धुराचा वास ओळखीचा वाटला. ती वनस्पती, चौकशी केली तेव्हा कळले, आपल्या दवण्याच्याच कुळातली. चैत्रात देवाला वाहतो तो दवणा! चीनच्या वैद्याने त्याच्या भावंडाला औषध केले आणि आपण दवण्याला देवाच्या माथ्यावर बसवले.

पण त्या दिवशी सर्वांत महत्त्वाचे वाक्य डॉक्टर जाताना बोलले. "सहा वेळा या. सहा वेळांत फरक वाटला नाही तर मी सुया बंद करीन आणि तुम्हाला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवीन." आणि त्यांनी पोटरीचे दोन व्यायाम शिकवले, अनवाणी फरशीवर फिरायचे नाही म्हणून बजावले, जाड तळाच्या चपला घ्यायला लावल्या.

चौथ्या खेपेनंतर सकाळची कळ मऊ झाली. आठव्यानंतर मी ती विसरू लागले. घरी, शेजारी, सगळ्यांनी निकाल देऊन टाकला: सुयांनी गुण आला. आता माझ्यातली पेपर तपासणारी बाई जागी झाली. त्याच तीन महिन्यांत मी रोज सकाळी भिंतीला हात टेकून पोटरी ताणीत होते. चपला नव्या होत्या. आणि त्याच सुमाराला मी निवृत्त झाले. रोज पाच-सहा तास फळ्यापुढे उभे राहणे संपले. शिवाय हे दुखणे बहुतेकांचे वर्ष-दीड वर्षात आपोआप मिटते, असे वैद्यक सांगते, आणि माझे दीड वर्ष भरत आले होते. म्हणजे एका उत्तरपत्रिकेवर पाच विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले. गुण कुणाला देणार? आणि पाच जणांत सर्वांत ठळक अक्षर ज्याचे, त्यालाच सगळे गुण देण्याची आपली वृत्ती असते. सुई लक्षात राहते, काळ लक्षात राहत नाही.

थोडा इतिहास पाहिला तर हा हिशेब आणखी गुंततो. टाचेचे हे दुखणे आपल्या वैद्यांना चिनी वैद्यांइतकेच ठाऊक होते. सुश्रुताने त्याला वातकंटक म्हटले आणि पाऊल वेडेवाकडे पडल्याने ते होते असे सांगितले. त्यावरचे जुने उपाय म्हणजे रक्त काढणे, एरंडेल पाजणे आणि तापवलेल्या सुईने डागणे. म्हणजे सुई आपल्याकडेही होती, फक्त ती तापलेली होती! उलट, ज्याला आज प्राचीन चिनी वैद्यक म्हणतात त्याची घडी बरीचशी १९५० नंतरच्या दशकात चिनी सरकारने बसवली; त्याची मोठी महाविद्यालये १९५६ सालापासूनची. केसासारखी बारीक, एकदा वापरून फेकून द्यायची पोलादी सुई काही ऋषींच्या काळची नव्हे. जुने म्हणून जे आपण मानतो ते पुष्कळदा आपल्या आजोबांहून धाकटे असते.

आणि ही विद्या आपल्याकडे आली ती कुणाबरोबर? इथे एका मराठी नावापुढे हात जोडावे लागतात. १९३८ साली युद्धाने होरपळलेल्या चीनला मदत म्हणून भारतातून पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते, कलकत्त्याचे विजयकुमार बसू होते. कोटणीस तिथेच राहिले, तिथल्या गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघर पोचवले. त्याच पथकातले बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले तेव्हा सुयांची विद्या शिकले आणि परतल्यावर कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. सोलापूरचा डॉक्टर जाताना पाश्चात्त्य शस्त्रक्रियेची सुरी घेऊन गेला, आणि त्याच्या सोबत्याबरोबर येताना चीनची सुई आली. पुढे महाराष्ट्राने २०१५ च्या नावाने ओळखला जाणारा ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा केला, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही या उपचाराला मान्यता दिली. वैद्यकाला देश नसतो, हे आपण सभेत टाळ्या मिळवायला म्हणतो. माझ्या टाचेत मात्र ते अक्षरशः टोचले गेले.

पण मान्यता म्हणजे पुरावा नव्हे. सुई खरेच काम करते की नाही हे कसे पाहावे, याचा विचार विद्वानांनी केला आहे. हाँगकाँगला ५३ रुग्णांवर एक प्रयोग झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या लोकांना टाचेसाठी सांगितलेला तो मनगटाचाच बिंदू टोचला आणि उरलेल्यांना हातावरचाच दुसरा एक बिंदू. महिन्याभराने पाहिले तर मनगटवाल्यांची सकाळची कळ अधिक उतरलेली. माझ्या 'पायात दुखते आणि सुई हातात?' या प्रश्नाची ती थोडी खोडच मोडली म्हणायची. दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातला, २०१४ चा, ८४ लोकांवरचा. तिथे चिनी वाटा कुणी मानल्याच नव्हत्या. स्नायूंतल्या दुखऱ्या जागी सुया टोचल्या, आणि अर्ध्या लोकांना बोथट, कातडीत न शिरणाऱ्या खोट्या सुया लावल्या. खऱ्या सुयांचे पारडे किंचित जड ठरले; पण ते इतके किंचित की रोग्याला 'हो, फरक पडला' असे वाटायला जेवढे अंतर लागते तेवढे ते भरले नाही. कारण खोट्या सुईवाल्यांनाही बराच आराम पडला होता! म्हणजे निकाल असा की सुईत काही तरी आहे, पण पुष्कळसे सुईच्या बाहेर आहे. कुणी तरी आपले दुखणे ऐकून घेतले, आपला पाय हातात घेतला, वीस मिनिटे आपल्याला आडवे पडू दिले. आपले मराठी लोक याला हातगुण म्हणत आले आणि तो शब्द मला फार शहाणा वाटतो.

आता खऱ्या प्रश्नाकडे येते. ज्या स्पष्टीकरणावर माझा विश्वास नाही, त्या स्पष्टीकरणातून आलेला आराम मी घ्यावा का? माझ्या मूत्रपिंडातून चैतन्याची वाट टाचेत उतरते, हे मला पटत नाही. तरी मी सुया टोचून घेतल्या. हे अप्रामाणिक आहे का?

शेजारणीला विचारले तर ती म्हणेल, गुण आला ना, मग आंबे खा, कोयी कशाला मोजता? माझ्या एका बुद्धिवादी सहकाऱ्यांना विचारले तर ते म्हणतील, जे सिद्ध नाही ते शरीरात शिरू देऊ नये. पण ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे, आणि ती नेमकी कशी काम करते हे जॉन वेन यांनी दाखवले १९७१ साली. तोपर्यंतची सत्तर वर्षे लोकांनी डोके दुखू द्यायचे होते काय? कारण ठाऊक नसणे हा दोष नव्हे. चुकीचे कारण सांगणारासुद्धा उपाय बरोबर करीत असेल, असे घडू शकते. आमच्या वर्गात रीत चुकून उत्तर बरोबर आणणारी मुले असत. त्यांना शून्य देता येत नाही, आणि पूर्ण गुणही देता येत नाहीत.

मात्र शेजारणीचे उत्तरही मला पुरत नाही, आणि ते का पुरत नाही हे शेंद्र्याच्या माणसाला चांगले समजेल. आमच्या गावाची मांगीरबाबाची यात्रा दूरवर प्रसिद्ध आहे. चैत्रात ती भरते. नवस फेडण्यासाठी पाठीच्या कातडीत लोखंडी गळ टोचून घेणारे भाविक तिथे मी लहानपणापासून पाहिले. हे बंद व्हावे म्हणून कार्यकर्ते वर्षानुवर्षे समजावीत आले आहेत. ज्यांनी गळ टोचून घेतला त्यांना विचारा, तेही म्हणतील, गुण आला. मूल झाले, रोग हटला, बैल सापडला. गुण आला एवढाच पुरावा मानला तर माझी चिनी सुई आणि मांगीरबाबाचा गळ एकाच रांगेत उभे राहतात. दोन्ही पोलादच आहे, दोन्ही कातडीतच शिरते.

मग फरक कुठे? गळ टोचून घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. सुई गुण यावा म्हणून टोचतात. गळ गुण आल्यावर टोचतात. ती फी नव्हे, ते ऋण फेडणे आहे, आणि आपले ऋण चारचौघांत, स्वतःच्या अंगावर फेडण्यात एक प्रकारचे इमान आहे. दवाखान्याच्या पावतीत ते नाही. पण त्या इमानाची किंमत ज्यांच्यापाशी द्यायला दुसरे काही नाही अशा गरिबांच्या पाठी देतात, म्हणून ते थांबले पाहिजे, असेच मला वाटते. आणि खरा फरक त्याहून खोल आहे. उपाय फसला तर दोष कुणाचा, हे विचारून पाहा. नवसाला गुण आला नाही तर देव चुकत नाही. भक्ताची श्रद्धा कमी पडलेली असते, नाही तर काही शिवाशिव झालेली असते. तिथे हरण्याची सोयच ठेवलेली नाही. जिथे उपचार करणारा कधी हरूच शकत नाही, तिथे हरतो तो रोगीच, आणि पुन्हा दोषीही तोच. उलट त्या डॉक्टरांचे वाक्य आठवा: सहा वेळांत फरक नाही पडला तर मी बंद करीन. त्यांचे मूत्रपिंडाचे पुराण मला पटले नाही, पण या एका वाक्यात त्यांनी आपले नापास होणे आधीच मान्य करून ठेवले होते. माझ्या मते उपचाराची नीती या वाक्यात असते, त्याच्या सिद्धांतात नव्हे. म्हणून विश्वास न ठेवताही मी तिथे निर्धास्त आडवी पडू शकले. हीच कसोटी आमच्या आधुनिक दवाखान्यांनाही लावावी. 'तुम्ही वजन कमी केले नाही', 'तुम्ही पथ्य पाळले नाही' असे म्हणून रोग्याला अपराधी ठरवून घरी पाठवणारे पांढरे कोटही मी पाहिले आहेत. तिथेही एक गळ असतोच. फक्त तो दिसत नाही.

इथे निबंध संपवता आला असता. पण माझा विद्यार्थी मला संपवू देत नाही. त्यालाही गुण आला होता. माझ्याआधी आला होता. तीन महिन्यांनी त्याची टाच पुन्हा दुखू लागली. तो परत सुयांना गेला, परत बरे वाटले, परत दुखले. सुया त्याच, डॉक्टर तेच, हात तोच. माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच की मी निवृत्त झाले आणि तो बारा तासांसाठी त्याच सिमेंटवर गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की आम्ही सगळे गुणाची वाटणी करीत बसलो होतो आणि दोषाच्या वाटणीचे नावही कुणी काढले नव्हते. दोष सगळा बिनबोभाट त्याच्या टाचेच्या नावावर जमा झाला होता. टाचेवर सुई चालते, पाल्याची वात चालते, एरंडेल चालते. फरशीवर काय टोचणार?

ज्याला उभ्याने काम करावे लागते त्याला संधी मिळताच बसता यावे म्हणून सोय असावी, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिले होते, आणि २०२० च्या नव्या संहितेतही उभ्या कामगारांसाठी बसण्याची सोय सांगितली आहे. कायद्याला टाच ठाऊक आहे! केरळात कापडाच्या दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला; २०१८ साली तिथल्या कायद्यात तो हक्क आला, आणि २०२१ मध्ये तामिळनाडूने तसाच बदल केला. टाचदुखीवरचे आपल्या देशातले सर्वांत न्याय्य औषध मला विचाराल तर ते चिनी नाही, आयुर्वेदाचे नाही, विलायतीही नाही. ते एक स्टूल आहे.

आणि हे आपल्याला परके का वाटावे? आपला देवच मुळी उभा आहे. विटेवर, समचरण, युगानुयुगे. आषाढीच्या दिवसांत पंढरपुरात देवाचा पलंग काढून ठेवतात, रात्रंदिवस दर्शन चालते, आणि देव अहोरात्र उभा म्हणून त्याच्या पाठीशी लोड लावतात, रुक्मिणीला तक्क्या देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शिणवटा घालवतात आणि रात्री त्याला काढा देतात. किती हळुवार कल्पना आहे ही! दगडाचा देव उभा राहून दमत असेल हे ज्या समाजाला सुचले, त्याला हाडामांसाची पोरगी काउंटरमागे उभी राहून दमते हे सुचू नये?

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीची खरेदी चाललेली असेल. माझ्या लहानपणी कापडाचे दुकान म्हणजे पांढरीशुभ्र गादी असे. गिऱ्हाईकही बसे, दुकानदारही बसे, आणि लुगड्यांच्या घड्या गादीवर उलगडत. आज काचेची दुकाने आली, गाद्या गेल्या. आपल्याला खुर्ची मिळाली, आणि साड्या दाखवणारी मुलगी सकाळपासून रात्री दुकान बंद होईपर्यंत उभी. तिच्या पायांकडे आपण पाहत नाही, पदराकडे पाहतो. चाळिसावी साडी उलगडायला लावण्याआधी 'बस ग जरा, मी थांबते' असे एखाद्या गिऱ्हाइकाने म्हटले तर काय होईल? दुकानदार कदाचित कपाळाला आठी घालील. पण दहा गिऱ्हाइकांनी म्हटले तर तो स्टूल आणील, कारण दुकानदाराला गिऱ्हाइकाचे शब्द कायद्याच्या शब्दांहून लवकर ऐकू येतात.

आता माझी गुणपत्रिका पुरी करते. सुईला थोडे गुण देते, हाताला सुईहून जास्त देते. व्यायामाला आणि चपलांना त्यांचे त्यांचे. काळाला भरपूर, तो कधी मागत नाही म्हणून. पण सर्वांत जास्त गुण मला त्या खुर्चीला द्यावे लागतात, जी निवृत्तीबरोबर माझ्या वाट्याला आली आणि माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला अजून आलेली नाही. त्याचा निकाल मी राखून ठेवला आहे. त्याची उत्तरपत्रिका त्याने एकट्याने लिहिलेलीच नाही. आणि ज्यांनी ज्यांनी ती लिहिली, त्यांच्यापैकी कुणी अजून त्यावर आपले नाव घातलेले नाही.